फिक्का नाही, सटल

धाकटी घरं सजवायची हे खरं, पण गिऱ्हाईक पटायचं ते तिच्या विशेषणांवर. राखाडी भिंतीला ती 'म्यूटेड' म्हणायची, पांढुरक्या पडद्याला 'अंडरस्टेटेड' आणि जिथे काहीच केलेलं नसायचं तिथे 'मिनिमल'. सगळ्यांत लाडकं विशेषण 'सटल'. ते उच्चारताना ती आवाजही खाली आणायची. तिच्या रंगाऱ्यानं एकदा भाबडेपणानं विचारलं, "म्हणजे फिक्का ना, ताई?" तशी ती फणकारली, "फिक्का नाही हो, सटल!" तेव्हापासून तो रंगाच्या डब्यांवर खडूनं 'सटल एक', 'सटल दोन' असं लिहू लागला. दोन्हींतला फरक त्या बिचाऱ्याला कळत नसे. गिऱ्हाइकांनाही कळत नसे, पण ती तसं कबूल करत नसत.

आईचं घर मात्र तिच्या डोळ्यांत खुपायचं. वडील गेल्यावर आई तिथे एकटीच राहायची, आणि अलीकडे तिला रंगांचं काय खूळ लागलं होतं कोण जाणे. दारांच्या चौकटी पोपटी. स्वयंपाकघरात उतरायला एक पायरी होती, तिच्या कडेला जर्द पिवळा पट्टा. दिव्यांच्या बटणांभोवती लाल चौकोन. हे सगळं आईनं ब्रश घेऊन स्वतःच्या हातानं केलेलं. म्हातारपणी माणसाची आवड बिघडते, असं धाकटीनं ठरवून टाकलं. "घर आहे की बालवाडी?" असं ती आईच्या तोंडावरही म्हणाली होती, आणि आई नुसती हसली होती.

मग आई थोडे दिवस दादाकडे राहायला गेली आणि धाकटीनं डाव साधला. भिंती, चौकटी, पायरी, बटणं, सगळ्यांवर एकाच सटल रंगाचा हात फिरला. स्वयंपाकघराच्या दारातलं पट्ट्यापट्ट्यांचं पायपुसणं तेवढं डोळ्यावर येत होतं, तेही तिनं उचलून टाकून दिलं. आई परत आली तेव्हा उंबऱ्याशी थबकली, भिंतीला हात लावून उभी राहिली. धाकटी डोळ्यांत प्राण आणून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"छान गं," आई म्हणाली. "अगदी ते... काय म्हणतेस तू?"

"सटल!"

"हां, तेच. आज चहा तूच टाक बाई."

धाकटी आनंदानं उड्या मारत चहा टाकायला गेली. आई प्रवासानं दमली असेल, एवढंच तिला वाटलं.

त्यानंतर महिना उलटला नसेल, आई स्वयंपाकघरात पडली. मनगट मोडलं. दादा धावत आला, धाकटीही आली. प्लास्टरमधला हात पोटावर ठेवून आई हॉस्पिटलच्या खाटेवर बसली होती आणि सांगत होती, "काही नाही रे, पायपुसण्यात पाय अडकला."

घरात पायपुसणं नव्हतंच.

आईचे कपडे आणायच्या निमित्तानं धाकटी तिच्या घरी गेली. स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभी राहिली. पायरी तर चांगली दिसत होती. मग काय सुचलं कोणास ठाऊक, तिनं आपला चष्मा काढला. पायरी नाहीशी झाली. दार कुठे संपतं, भिंत कुठे सुरू होते, काही कळेना. समोर नुसता एक मऊ, महागडा, उंची धुरळा. आईच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. त्या पोपटी चौकटी धरून आई घरात चालत होती, पिवळ्या पट्ट्यावरून खाली उतरत होती. आणि आपण हौसेनं, हसत हसत, तिच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या. पोटच्या पोरीनं असं करावं आणि वर आईनं त्याला छान म्हणावं! तिला स्वतःची शिसारी आली.

ती परतली तेव्हा दादाचा निर्णय झाला होता. "आज पायपुसणं, उद्या बाथरूम. आता एकटं राहणं बास. घर बंद करू, आई माझ्याकडे येईल."

"बघू," आई म्हणाली आणि चादरीची दशी ओढत राहिली. आईचं 'बघू' म्हणजे काय, ते धाकटीला लहानपणापासून ठाऊक होतं. ते 'नाही' असायचं.

गप्प बसणं किती सोपं होतं. कुणाला काही कळलं नसतं. आईनंच पांघरूण घातलं होतं आणि ते धाकटीच्या मापाचं होतं. फक्त त्याच्यापायी आईचं घर जात होतं.

"दादा, घरात पायपुसणं नाहीये," ती म्हणाली. "मी ते टाकलं. पायरीचा पट्टाही मीच पुसला. आईला नीट दिसत नाही, आणि मी सगळं घर एकाच रंगात बुडवलं. आई माझ्यामुळे पडली."

"गप गं," आई म्हणाली.

दादा आधी धाकटीकडे, मग आईकडे बघत राहिला. "दिसत नाही? आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर मला तिथे राहू दिलं असतंत?" आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं भागायचं नाही. म्हटलं, रंगांवर भागवू. भागत होतं की."

"मग मला तरी थांबवायचंस!" धाकटी रडू लागली.

"किती हौसेनं केलं होतंस."

दादानं शेवटी डोकं खाजवलं. बघू म्हणाला, पण त्याचं 'बघू' आईसारखं नव्हतं. एकदा घर पूर्ववत करून बघायचं ठरलं.

रंगारी पोपटी डबा घेऊन आला. खडू काढून त्यानं विचारलं, "ताई, हा कितवा सटल?"

"भडक," धाकटी म्हणाली. "नुसतं भडक लिहा." पायरीचा पट्टा तिनं त्याला ओढू दिला नाही. तो तिनं गुडघ्यांवर बसून स्वतः ओढला, आईचा होता त्याच्या दुप्पट रुंद.

आई घरी आली. उंबऱ्याशी थांबली. सगळीकडे मान फिरवून म्हणाली, "छान झालंय गं."

धाकटीनं कान टवकारले. मागचं 'छान' आणि आताचं 'छान', दोन्हींत काही फरक आहे का? तिला ओळखता येईना. नखाएवढा फरक हेरायचा हाच तर तिचा धंदा होता. पण यापुढे आई कशालाही छान म्हणाली की आपल्याला असंच वाटणार, हे तिला कळून चुकलं.

"खरं सांग ना, आई."

आईनं पिवळ्या पट्ट्यापाशी पाय थांबवला, खाली टेकवला आणि स्वयंपाकघरात उतरली.

"बस तू," प्लास्टरमधला हात अंगाशी धरत ती आतून म्हणाली. "आज चहा मी टाकते."