घरची ढेप

निपाणीच्या पट्ट्यात गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा डॉक्टर. रस कधी आटला, रसाची मोठी कढई, म्हणजे काहील, कधी उतरायची, ते तोच सांगणार. शामवेल पंचवीस वर्षं हेच करत आला होता आणि मारुतीरावांच्या गुऱ्हाळात त्याचा शब्द चालायचा. फक्त एका गोष्टीत नाही.

बाजाराच्या गुळात रसायनाची पांढरी पावडर पडायची. त्यानं गूळ पिवळाधमक दिसे आणि व्यापारी खूश होत. दिवसाचं शेवटचं आधण, म्हणजे शेवटची काहील, मात्र बिनपावडरचं असे. त्याला 'घरचं' म्हणायचे. तो गूळ दिसायला काळपट, चवीला अस्सल. तो मारुतीरावांच्या घरी जाई, आणि त्यातली एक ढेप शामवेललाही मिळे. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

गेल्या रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण होता. कुणी भात आणलं, कुणी भोपळा. शामवेलही गूळ न्यायला निघाला आणि त्याचा हात आपसूक घरच्या ढेपेकडं गेला. तिथंच तो थबकला. पावडरचा गूळ देवाला चालत नाही हे हाताला ठाऊक होतं, मग लोकांना कसा चालत होता? रविवारी देवापुढं डोळे मिटणं सोपं. सोमवारी काहिलीपाशी देव आला तर त्याला काय दाखवायचं? त्याला स्वतःचाच संताप आला.

सोमवारी उकळत्या रसावरची मळी काढून झाली तसा मारुतीरावांनी पावडरचा डबा पुढं केला. शामवेलनं हात मागं बांधले.

"टाक की रं."

"न्हाय टाकणार, अण्णा."

"का? अंगात देव आलाय व्हय?" मारुतीराव म्हणाले, आणि रस वाहणारे गडी हसले.

"आलेला न्हाय, पयल्यापासनंच हाय. मीच त्याला हितं येऊ देत नव्हतो."

"काळा गूळ घिऊन सौद्यात गेलो तर लोक हसतील मला."

"हसू देत."

मारुतीरावांचा चेहरा लाल झाला. "तुझ्यासारखे छप्पन गुळवे मिळत्यात. उद्यापासनं येऊ नको."

हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि गूळ सोडून शामवेलला दुसरं काही येत नव्हतं. तरी तो जागचा हलला नाही.

"न्हाय येत. पर माझ्या हातनं ही पावडर पडायची न्हाय. मी ज्याचं ऐकतो त्यो हितंच उभा हाय, आन त्यो तुम्ही न्हवं."

मग मारुतीरावांनीच मूठ भरली आणि काहिलीत भिरकावली. बघता बघता रस उजळला. शामवेल काठावरून उतरून बाजूला उभा राहिला.

रस आटून काकवी होत आली तेवढ्यात नीलम आली, मारुतीरावांची लेक, दोन महिन्यांची बाळंतीण. माहेरी आली की गरम काकवी खायला वाटी घेऊन गुऱ्हाळात यायची, ही तिची लहानपणापासूनची खोड.

"शामूकाका, काकवी द्या की."

शामवेलनं पळी भरली, पण ती मारुतीरावांपुढं धरली. "तुम्हीच वाढा, अण्णा."

मारुतीरावांनी पळी घेतली नाही. "ही नगं गं. सांजचं घरचं आधण लागंल, त्यातली देतो."

"मग ही कुणाची?"

"लोकांच्या लेकीबाळींची," शामवेल म्हणाला.

नीलमनं बापाच्या पांढऱ्या झालेल्या बोटांकडं पाहिलं. मग वाटी खाली ठेवून तिनं डबा उचलला. "बघू तरी काय घालताय ते."

"हात लावू नको त्याला!" मारुतीराव ओरडले. "बाळाला पाजतीस तू."

सगळ्या गुऱ्हाळानं ते ऐकलं. जाळ घालणारा गडीसुद्धा चुलवाणापुढच्या खड्ड्यातून मान वर काढून बघू लागला. मारुतीराव डबा काढून घ्यायला पुढं झाले. नीलम डबा छातीशी धरून उभी राहिली आणि काही केल्या तो सोडेना.

शामवेल पुन्हा काठावर चढला. "ही काहील ओतून धुवा," तो गड्यांना म्हणाला, "आन नवा रस सोडा."

गड्यांनी मालकाकडं पाहिलं. मालक खाली बघत होते. मग गड्यांनी काहील ओतून धुतली आणि नवा रस सोडला.