गाववाल्याने लिहिलेलं अर्धं खरं

आमच्या चर्चची घंटा मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री चोरीला गेली. चोर कोण हे पोलिसांना कळलं नाही, पण डिसेंबरपर्यंत दुबईतल्या लोकांना कळलं होतं.

मला ते आप्पासाहेबांनी सांगितलं. ते आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी, आणि त्यांचा मुलगा दुबईला. त्याने फोनवर सांगितलं, की इंटरनेटवर 'आपलं नगर' नावाचं एक पान आहे, जगभरातले नगरवाले तिथे लिहितात, आणि सध्या सगळे आपल्याच घंटेच्या मागे लागलेत, संशय घंटा वाजवणाऱ्यावर. गोष्ट १९९९ सालची. पारनेरच्या अलीकडच्या आमच्या गावात इंटरनेट कुणी पाहिलेलं नव्हतं, आप्पासाहेबांनीही नाही. पण परदेशातून आलेली बातमी खोटी कशी असेल, असा त्यांचा साधा हिशेब. नाताळला नवी घंटा बसवायची होती.

"एंजल, बाबान्ला सांग, नवी घंटा सध्या दुसरं कुनी वाजवील," ते म्हणाले. "लोकांच्या मनात काय राहाया नको."

माझे बाबा, इसहाक, सुतारकाम करायचे आणि आजोबांच्या मागे चर्चची घंटा वाजवायचे. उपासनेची, लग्नाची, मयताची. त्यांच्या हातातून दोर काढून घेणं म्हणजे भर मंडळीत त्यांना चोर म्हणणं. माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी एसटी धरून मी नगर गाठलं.

नगरला सावेडीत एका सायबर कॅफेत आमच्याच गावचा जॉय कामाला होता. आमचा साखरपुडा होऊन दोन वर्षं झाली होती, त्याला नोकरी लागली की लग्न असं ठरलेलं. जूनमध्ये ही कॅफेतली नोकरी लागली, आता नाताळनंतर लग्न. मी मनात म्हटलं, जॉय या लोकांना चांगलं खडसावेल. मला तेव्हा तो फार मोठा वाटायचा.

त्याने पान उघडून दिलं आणि गिऱ्हाइकाकडे गेला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, वाचताना जीभ अडखळायची. पुण्याचा कुणी इंजिनिअर घंटेचं वजन काढून टेम्पोशिवाय ती हलणार नाही असं सांगत होता. अमेरिकेतल्या डॉक्टरला भंगारवाल्यांचा संशय होता. दहावीनंतर गाव सोडलेल्या एकाने चर्चच्या मागची वाट समजावून दिली होती, तीही चुकीची. मला हसू आलं. सगळे हुशार आणि सगळे लांब. मग 'गाववाला' अशा नावाने लिहिलेलं वाचलं.

'घंटा वाजवणारा त्या शनिवारी घरी नव्हता. बायकोच्या औषधाला नगरला गेलो होतो म्हणतो. औषध घरात आलंच नाही. विचार करा.'

मी ते पुन्हा वाचलं. बाबा औषधाला गेले होते आणि शेवटची गाडी चुकल्यामुळे रविवारी परतले, असं गावाला सांगितलेलं होतं. औषध आलं नाही हे फक्त मला माहीत होतं, आणि मी ते एकाच माणसाला सांगितलं होतं.

त्या शनिवारी शनी अमावास्या होती. बाबा शिंगणापूरला गेले होते. बाकीच्या पुरुषांसारखी अंघोळ करून, ओलेत्याने, त्यांनी शनीला तेल वाहिलं. चर्चच्या घंटेवाल्याने. मंडळीला कळलं असतं तर बाबांची धडगत नव्हती. त्यांच्या शर्टाला तेलाचा वास आला म्हणून मी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी कबूल केलं. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, तिच्यासाठीच गेले असणार असं मी धरून चालले. ते ओझं एकटीला पेलेना म्हणून मी जॉयला सांगितलं होतं. ज्या गावात घरांना दारं नसतात तिथे माणूस गेला, आणि इकडे आपल्या गावात चोर ठरला.

मी जॉयला बाहेर बोलावलं. आधी तो नाही म्हणाला. मग म्हणाला, "मी नाव कुठं घेतलंय? पान मीच चालवतो, एंजल. कुणी बघत नव्हतं. घंटेमुळं लोक यायला लागले, मालक खूश आहे."

"मग उरलेलंही लिही. बाबा कुठे होते ते लिही."

"ते लिहिलं तर मंडळी त्यांना ठेवील का? उलट मी त्यांना वाचवलंय."

हे तो अगदी मनापासून म्हणाला. त्याला ते पटलेलं होतं, याचीच मला जास्त शिसारी आली.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं, जॉयचं नावसुद्धा. म्हटलं, आईसाठी गेलात, लोक समजून घेतील, सरळ सांगून टाका. बाबा रंधा पुसत बसले होते.

"तुझ्या आईसाठी न्हाई गेल्तो," ते म्हणाले. "जॉयला नोकरी लागंना. तुजं वय चाल्लं. कामावरचा एकजन म्हनला, पोराला साडेसाती आसंल, तेल वाहून या. म्हनून गेल्तो."

मला रडू फुटलं. ते मात्र रंधा पुसत राहिले.

नाताळच्या आधीच्या रविवारी, गीत संपल्यावर, बाबा उभे राहिले. त्या शनिवारी कुठे होतो ते त्यांनी सांगितलं. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणासाठी गेला होतात? जॉय पुढच्या बाकावर नवा पांढरा शर्ट घालून बसला होता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"घरातल्या मान्सासाठी," ते म्हणाले.

सगळ्यांना आई आठवली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. जॉयनेही रुमाल काढला.

चोरीचा डाग गेला. पण पंचांनी बाबांना वर्षभर प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकर-द्राक्षारसाची, बंदी केली आणि घंटेचा दोर कायमचा काढून घेतला. बाबांनी मान हलवली. मला वाटतं, त्यांनी हे आधीच धरलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर जॉय माझ्याजवळ आला. चेहरा मोकळा झालेला. "बरं झालं, आता लिहिता येईल," तो म्हणाला. "शिंगणापूरचं वाचून लोक तुटून पडतील."

"लिही," मी म्हणाले. "पण पुरं लिही. बाबा आईसाठी गेले नव्हते. तुला नोकरी लागावी म्हणून गेले होते."

मी साखरपुड्याची अंगठी काढून त्याच्या हातात ठेवली आणि बाबांच्या मागे घरी गेले.

नाताळला नवी घंटा वाजली तेव्हा बाबा खाटेवर आईचे पाय चोळत होते. ठोका चुकला की त्यांचा हात थांबायचा.

नव्या वर्षात नगरला गेले तेव्हा दुसऱ्या एका कॅफेत बसून मी ते पान उघडलं. आशा वेडी असते म्हणा, मला वाटलं होतं एवढं तरी तो करेल. गाववाल्याने सगळं लिहिलं होतं. शनी अमावास्या, ओली वस्त्रं, तेल, पंचांनी घातलेली बंदी. खाली दुबईच्या, अमेरिकेच्या लोकांनी त्याची तोंडभरून स्तुती केली होती.

आणि शेवटी त्याने लिहिलं होतं, 'बिचारा बायकोच्या आजारासाठी गेला होता.'