एकवीस जणींचा नंबर

आपण गरीब नाही, हे भीमाबाईला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही कॉम्प्युटरकडून.

चार महिने पेन्शन खात्यात पडली नव्हती. विधवेची पेन्शन म्हणजे लॉटरी नव्हे, पण भीमाबाईचं पीठमीठ आणि शुगरच्या गोळ्या त्यावरच चालायच्या. गुडघे गेल्यापासून खुरपायला कुणी बोलवत नव्हतं. म्हणून ती सेतू केंद्रात विचारायला गेली. केंद्र चालवणाऱ्या आदिनाथनं स्क्रीनवर वाचलं आणि मान खाजवली.

"मावशी, तुमचं नाव गरजूंच्या यादीतनं गेलं. खरा गरीब कोन, खोटा कोन, ते यंदापासून एआय ठरवतंय."

"कुटं बसतंय ते? माज्या दारात तर कोन आलं न्हाई."

"त्याला यायची गरज न्हाई. तुमच्या फोनवरनं कळतं त्याला. म्हैन्याला तीनशे फोन. सात बँकांचे मेसेज. एकवीस खात्यांना तुमचाच नंबर. एवढी उलाढाल गरिबाची नसती, म्हनतंय."

आता ही उलाढाल कसली, ते पाथर्डीकडच्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. दिवाळी झाली की वस्तीतली धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात आणि मोबाईल त्यांच्याबरोबर जातात. मागे उरतात म्हाताऱ्या. त्या म्हाताऱ्यांत वाचता येणारी एकटी भीमाबाई, सातवी पास. सरकारी फॉर्मावर मोबाईल नंबर सक्तीचा झाला तेव्हा शेजारच्या कडूबाईनं तिचा नंबर सांगितला. मग दुसरीनं, मग तिसरीनं. पुढं पुढं तर विचारायचीही पद्धत राहिली नाही. "भीमे, माजा आकडा आला का गं?" म्हणत बाया ओटीपीसाठी दारात येत. कोल्हापूरकडच्या फडावरून पोरं फोन करत, "मावशी, जरा आमच्या आईला द्या." भीमाबाई लंगडत फोन घेऊन जायची. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. विहारातल्या कार्यक्रमात नाव कधी पुकारलं गेलं नाही, पण तिचा नंबर सगळ्या वस्तीला पाठ होता.

"मग तक्रार कर की माजी," ती आदिनाथला म्हणाली.

"केली तर परत तपासनी त्याच्याकडंच जाती."

"चोराच्या हातात जामदारखान्याच्या चाव्या!"

आदिनाथ हसला नाही. तो भला माणूस होता. त्यानं दुसरा मार्ग सांगितला: एकवीस जणींनी तुमचा नंबर काढून दुसरा जोडायचा. पण दुसरा आणायचा कुठून? आणि तो जोडेपर्यंत एकविसांचीही पेन्शन अडकणार. भीमाबाईनं मानेनंच नाही म्हटलं. मग त्यानं आवाज खाली आणला.

"यंत्र मागचे तीन म्हैने बगतं म्हनं. तीन म्हैने फोन बंद ठिवा. फोन न्हाई, मेसेज न्हाई. मग दिसाल तुमी गरीब."

गरिबी दाखवायला गरीब असून भागत नव्हतं. भीमाबाईनं त्या दिवशी फोन बंद केला आणि ज्वारीच्या कोठीत खुपसला.

बाया आल्या. फोन बिघडलाय, असं तिनं सांगितलं. आयुष्यात ती फार खोटं बोललेली नव्हती, त्यामुळे तिला ते नीट जमलंही नाही. पण तिच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं, आणि हेच तिला जास्त लागलं. बाया बँकेच्या कामांसाठी तालुक्याला हेलपाटे घालू लागल्या. पंधराव्या दिवशी कडूबाई आली आणि पदराची गाठ सोडून तिनं नोटांची चुरगळलेली गुंडाळी पुढं धरली.

"दहा-दहा रुपये काढले सगळ्यांनी. दुरुस्त करून आन. तुज्याबिगर आमी आंदळ्या."

"नगं कडूबाई."

"नगं काय? आमच्याच कामानं बिगडला आसंल."

घ्यावे तर लाज, न घ्यावे तर बिंग फुटायचं. भीमाबाईनं पैसे घेतले, कोठीत फोनशेजारी ठेवले, आणि त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही. त्यानंतर कडूबाईचं बोलणं कानावर आलं की ती दार लोटून घ्यायची.

ब्याऐंशी दिवस गेले. आठ उरले.

त्या दिवशी ग्रामपंचायतीत अर्जांचं शिबिर होतं, शेवटचा दिवस. आपलं काही करता येतं का बघावं म्हणून भीमाबाईही गेली. कुणी दाखवा म्हटलं तर जवळ असावा, म्हणून फोन कमरेच्या पिशवीत होता, पण बंद. रांगेत तिच्यापुढं मोनिका उभी होती. वस्तीतलीच पंचविशीची पोर, कडेवर लेकरू. तिचा नवरा दोन महिन्यांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली गेला. मोबाईल त्याचाच, तोही त्याच्याबरोबर चिरडला.

"मोबाईल नंबर?" शिबिरात अर्ज भरायला बसलेल्या आदिनाथनं विचारलं.

मोनिकानं भीमाबाईचा नंबर घडाघडा सांगितला. आदिनाथनं सवयीनं टाकला, बटण दाबलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं वर बघितलं.

"मावशी, ओटीपी तुमच्याकडं गेला."

"दुसरा टाक की."

"नंबर एकदाच टाकता येतो. धा मिंटात आकडा न्हाई दिला तर अर्ज बाद. आन् आज शेवटचा दिवस." मग अगदी हळू, "तुमचे आठच दिस ऱ्हायलेत. बगा."

भीमाबाईला मोनिकाचा मनापासून राग आला. मग लेकरू रडायला लागलं आणि मोनिका त्याला थोपटत म्हणाली, "मावशी, फोन झाला का दुरुस्त?"

भीमाबाईनं पिशवीत हात घातला आणि फोन सुरू केला.

मेसेज एकामागून एक वाजत आले. जुने केव्हाच वाटेत विरले होते; हे दोनतीन दिवसांचे तुंबलेले, कुणाकुणाचे. ओटीपी शोधता शोधता तिला आपलं नाव दिसलं. ती थांबली. अक्षर अक्षर लावून तिनं वाचलं: आपल्या प्रकरणाच्या फेरतपासणीसाठी या क्रमांकावर तीन वेळा कळवूनही प्रतिसाद न मिळाल्याने आपले प्रकरण कायमचे बंद करण्यात येत आहे. तारीख कालची होती.

तिनं फोन आदिनाथपुढं धरला. त्यानं वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, तक्रार न करता आपनहून फेरतपासनी लावत्यात हे मलाबी ठाऊक नव्हतं. आईशप्पथ."

ब्याऐंशी दिवस ती गरीब दिसण्यासाठी बसली होती, आणि त्याच दिवसांत तिला कुणीतरी हाक मारून गेलं होतं. ओरडावं तर कुणावर? समोर तर फक्त आदिनाथ होता.

"मावशी," मोनिका म्हणाली, "आकडा आला का?"

भीमाबाईनं डोळे पुसले, खालचा मेसेज उघडला आणि एकेक आकडा सांगितला. आदिनाथनं टाकला. मोनिकाचा अर्ज गेला.

तिनं फोन बंद केला नाही. रांगेत अजून चौघी होत्या, आणि चौघी तिच्याकडं बघत होत्या.