टाकीच्या तोंडाशी

रसाच्या कारखान्यात घरच्या थोरल्या सुनेचं काम पट्ट्यावरचं. ट्रकमधून ओतलेली संत्री धुऊन पुढे सरकत आणि ती त्यातली नासकी, फुटकी वेचून बाजूला टाकी. सालीच्या तेलाने बोटांच्या भेगा चरचरत. नवरा चेष्टा करायचा, की हिच्या नजरेतून डागी संत्रं सुटत नाही, मग मी कसा सुटलो कोण जाणे.

तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघेही टाक्यांवर कामाला. रस टिकावा म्हणून त्या घराएवढ्या पोलादी टाक्यांत हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असे. टाकी रिकामी झाली की आधी मोकळी हवा खेळवायची, ती तपासायची आणि मगच धुवायला आत उतरायचं, असा नियम. पण हंगाम भरात आला की नियम गुंडाळून ठेवले जात. त्या दिवशी फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली होती, उन्हात माल तापत होता आणि फोरमन सगळ्यांच्या डोक्यावर बसला होता.

जेवणाच्या सुट्टीत ती नवऱ्याला बोलवायला गेली, तर धाकटा टाकीच्या वर गुडघे टेकून झाकणातून हाका मारत होता. ती शिडी चढून गेली. खाली नवरा कुशीवर पडला होता आणि शेजारच्या पाइपातून पाणी वाहतच होतं. धाकट्याने एक पाय आत टाकलाही होता. तिने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोड वहिनी, दादा आहे आत."

"आत हवा नाही, भाऊजी. तुम्हीही मराल."

हे तिला नवऱ्यानेच सांगितलं होतं. दुसऱ्या एका कारखान्यात असंच झालं होतं; एक पडला आणि त्याला काढायला उतरलेला त्याच्या अंगावर पडला. धाकट्याने कोपर मारून तिचा ओठ फोडला, शिव्या दिल्या, शेवटी रडत विनवलं. तिने मिठी सैल केली नाही. तोंडावर हवेचे मुखवटे चढवलेली माणसं येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तपासाला आलेल्या साहेबांनी सांगितलं, की बाईंनी धरलं नसतं तर घरातून दोन मयती निघाल्या असत्या. सासूने ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. त्यानंतर ती सुनेशी कामापुरतंच बोले. फोरमनची बदली झाली, टाकी धुतली गेली, पुन्हा भरली.

धाकट्याने मात्र बंदरावर काम धरलं. जायच्या दिवशी तो पिशवी घेऊन दारात घुटमळला.

"तू मला वाचवलंस, कळतं मला," तो म्हणाला. "पण दादा समोर पडलेला असताना मी बाहेर राहिलो. आता हे घेऊन जगायचं कसं?"

"माझ्या माथी मारा," ती म्हणाली. "म्हणा, वहिनीने जाऊ दिलं नाही."

त्याने मान डोलावली. तिच्या पायांशी वाकला आणि निघून गेला.

एक गोष्ट तिने त्यालाही सांगितली नव्हती. मिठी मारली तेव्हा नवरा गेला आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याचा हात हलल्यासारखा तिला वाटला होता.