तालमीत न बोललेलं वाक्य

दाढीच्या ब्रशला एक केस चिकटला होता, पांढरा... आपलाच, दुसऱ्या कुणाचा असणार. ह्युबर्ट पेनिफोल्ड तो चिमटीत धरून उगाच पाहत राहिला. बाहेर हडर्सफील्डच्या गिरण्यांचा धूर खिडकीपर्यंत आला होता. सोमवार. संध्याकाळी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग — आणि नाटकातलं शेवटचं वाक्य त्याचं.

उभी हयात बटलर आणि डॉक्टरच्या भूमिका करण्यात गेली, ट्रे घेऊन दाराशी थांबायचं, पाहुणे आल्याचं सांगायचं आणि दार लावून घ्यायचं. त्या मानानं हे वाक्य म्हणजे बक्षीसच. पण शेवटचं वाक्य तालमीत बोलायचं नसतं. बोललं की नाटक बुडालंच म्हणून समजा. देवाला न मानणारे नटही हा नेम पाळतात. (तेव्हा ते वाक्य इथेही नको.) तालमीत ह्युबर्ट टोपी हातात घेऊन पुढे यायचा, नायिकेकडे वळायचा, ‘वगैरे वगैरे’ म्हणायचा आणि सगळे चहाला पळायचे. त्याला ते येतं की नाही, कुणी ऐकलंच नव्हतं.

मागच्या गावी, हॅलिफॅक्सला, तर साधं ‘गाडी तयार आहे, बाईसाहेब’ एवढंच वाक्य होतं... आणि ऐन वेळी ते डोक्यातून गेलं. दिव्यांपलीकडच्या अंधारात कुणीतरी खोकलं. नायिका झालेल्या नोरानं, ‘गाडी तयार असेलच ना?’ असं आपणच विचारून वेळ मारून नेली. कंपनीचे मालक स्टॅनब्रुक ओरडले नाहीत, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “थकलास रे. पुन्हा असं झालं तर तुला विश्रांती द्यावी लागेल मला.” विश्रांती! या धंद्यात विश्रांती दिलेल्या म्हाताऱ्याला पुन्हा कोण बोलावतं? ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

एकदाच म्हणून पाहावं, इथे, खोलीत... एवढ्यानं काय होतंय? त्यानं टोपी घेतली, आरशासमोर उभा राहिला, तोंड उघडलं —

“इथे नको हं, मिस्टर पेनिफोल्ड.” घरमालकीण मिसेस रॅग नाश्त्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “शेवटचंच ना ते? तुमचं तोंडच सांगतंय. मागे एका नटानं असंच माझ्या जिन्यात म्हटलं, नाटक आठवडाभरही चाललं नाही त्यांचं. बसा, मासा गार होतोय.”

चुकलो, म्हणाला तो, आणि मुकाट्यानं बसला. बाईला वाटलं, आपण वेळेवर अडवलं. पण ती येण्याआधीपासून त्याचं तोंड उघडंच होतं, आणि जिभेवर काही नव्हतं.

दुपारभर तो कालव्याच्या काठानं हिंडला. भूमिकेची वही उघडली की वाक्य पाठ, मिटली की कोरं. एकदा रस्ता ओलांडताना ते अख्खं आठवलं, नको तेव्हा, ट्राम अंगावर येत असताना... आणि पलीकडच्या फुटपाथवर पोचेतो गेलं.

पहिल्या अंकाआधी नोरा विंगेत जवळ आली. “अडलात तर माझ्या ओठांकडे बघा, आवाज नाही करणार मी.”

“गरज नाही पोरी,” तो फटकन म्हणाला, आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली. गरज होती. तिला कळलं होतं, म्हणजे सगळ्यांनाच कळलं असणार.

मग शेवटचा प्रवेश. तो टोपी घेऊन पुढे आला, वळला. नोराचे ओठ खरंच हलत होते, अगदी हलके. विंगेत स्टॅनब्रुक पडदा पाडणाऱ्या माणसाशेजारी उभे होते. आता नेहमीची भीती येणार, त्यानं वाट पाहिली... आली नाही. सारं थिएटर गप्प होतं, त्याच्यासाठी. असं कधी झालंच नव्हतं. वाक्य आहे का आत? असेल... नसेलही. त्यानं नोराच्या ओठांवरून नजर काढून घेतली आणि अंधाराकडे पाहिलं. थांबू देत जरा या सगळ्यांना. आजवर मीच थांबत आलो, दाराशी, ट्रे घेऊन.