पप्पांचं पथ्य

"पप्पा, तुम्हाला नक्की कोणता आजार झालाय?"

रविवारची वंदना आटोपून तिघं विहारातून घरी परतली होती. प्रज्ञेश जमिनीवर फतकल मारून मार्केट यार्डातून आणलेल्या टोमॅटोंचे वाटे करत होते. शेजारच्या तीन घरांनी मिळून क्रेट घ्यायचा, हा नवा शिरस्ता. पूर्वाचा प्रश्न ऐकून त्यांच्या हातातला टोमॅटो हातातच राहिला.

हा प्रश्न म्हणजे वर्गमैत्रिणी तनया आणि ओवीनं लावलेली पैज. "स्टेजवर वाघीण आणि घरी मांजर! तुझ्या पप्पांना रोज नवा आजार कसा? हिंमत असेल तर विचार त्यांना." वर्षापूर्वी हजेरीला 'हजर' म्हणतानाही पूर्वाचा आवाज घशातच अडकायचा. नाटकाच्या क्लासला जायला लागली आणि पोरगी बोलायलाच लागली. यंदा तर शाळेच्या संमेलनात राणीची भूमिका तिचीच! पैज तिनं हसत घेतली खरी, पण वर्गातून घरी येईस्तोवर हसू मावळलं. कारण मैत्रिणींचं म्हणणं खोटं नव्हतं. स्कूटरवर कव्हर घातलेलं, कारण डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. हॉटेल बंद, कारण पित्त. चहा कोरा, कारण दूध पचत नाही. कूलर बंद, कारण गार वाऱ्यानं सांधे धरतात. एकाच माणसाला एवढं सगळं? काही भयंकर असेल आणि आपल्यापासून लपवत असतील तर? दोन दिवस तिच्या डोक्यात हेच घोळत होतं.

"मी आजारी आहे असं कोण म्हणालं?" प्रज्ञेशनी विचारलं.

"तुम्हीच! रोज! खरं सांगा, हार्टचं आहे का?" राणीचा आवाज पार चिरकला.

स्वयंपाकघरातून प्रियदर्शनी हात पुसत बाहेर आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "सांगून टाका आता."

"अगं, हार्ट ठणठणीत आहे माझं," प्रज्ञेश खाली बघत म्हणाले. "कंपनीनं पगार कमी केलाय. दिवाळीपासून. म्हणून जरा हात आखडता घेतलाय, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

पूर्वा आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करत पप्पांच्या गळ्यात पडली. टोमॅटो सोफ्याखाली घरंगळले.

"मग सरळ काटकसर म्हणायचं ना! मी इकडे मरता मरता वाचले!"

"काटकसर म्हटलं की लोक कीव करतात, नाहीतर चिक्कू म्हणतात," प्रियदर्शनी म्हणाली. "पथ्य म्हटलं की खुर्ची देतात."

"खुर्ची कसली? खालच्या ज्ञानदेवकाकांनी पित्तावर काढा आणून दिला," प्रज्ञेश म्हणाले. "रोज समोर उभे राहून पाजतात. कडू जहर!"

तिघंही पोट धरून हसली. हसता हसता पूर्वा थबकली. पप्पांच्या वाट्याला एवढी पथ्यं. तिच्या वाट्याला आलं होतं ते एकच. तिचा कॅफेतला वाढदिवस टाळण्यासाठी मम्मीनं परवाच तनयाच्या आईला सांगितलं होतं, 'पूर्वाच्या घशाला बाहेरचं सोसत नाही हो.'

"आणि माझा नाटकाचा क्लास? तो कसा चालू राहिला?"

प्रज्ञेश सोफ्याखाली हात घालून टोमॅटो शोधत राहिले. प्रियदर्शनीच म्हणाली, "त्याला कसलं पथ्य? तू बोलायला लागलीस, बाई. ते कसं बंद करायचं?"

पूर्वाला खिडकीतून खालची झाकलेली स्कूटर दिसली. मघाशी ज्या आवाजात तिनं प्रश्न विचारला, तो आवाज त्या कव्हराखाली वाचलेल्या पेट्रोलमधून आला होता. तिनं पप्पांचे धुळीनं माखलेले हात आपल्या ओढणीनं पुसले.

मग ती उठली, सोफ्यावर चढली आणि कमरेवर हात ठेवले.

"ऐका दोघंही! क्लास मी सोडणार नाही, त्यागबिग मला जमायचा नाही. उलट संमेलनात असं काम करीन की तुम्ही बघतच राहाल. पण वाढदिवस कॅफेत नाही, आपल्या गच्चीवर. ह्याच टोमॅटोंचं सार, भात आणि मम्मीच्या हातची भजी. उद्या शाळेत मीच सांगणार आहे, आमच्याकडे काटकसर चालू आहे, घसा एकदम मस्त आहे, जेवायला या! आणि पप्पा, ज्ञानदेवकाकांना तुम्ही सांगायचं. नाही जमलं, तर काढा प्या!"