नऊ मिस्ड कॉल

साहेब, माझ्या काकांना तुमच्या कार्यालयानं मारलं. अपघात म्हणू नका, तो शब्द तुमच्या तोंडून ऐकवत नाही.

तुम्ही पाठवलेला कागद माझ्यासमोर आहे. शंभरातल्या शहाण्णव तक्रारी निकाली निघाल्या, असं मी सल्लागार म्हणून लिहून द्यायचं. माझी सही झाली की तुमची तक्रार निवारण योजना बक्षिसाला जाणार आणि आणखी बारा गावं ती उचलणार.

तक्रारी बंद करायचा नियम माझाच, हे मी लपवत नाही. आमची संस्था नगरपालिकांना, सेवाभावी मंडळांना कामाची घडी बसवून देते. मानधन नावाला. आपलं गाव, आपणच बघायचं, एवढाच त्यातला अर्थ. दोन वर्षांपूर्वी तुमच्या नगरपालिकेच्या खिडकीमागे तक्रारींचे गठ्ठे छताला टेकले होते. मी लिहून दिलं: तक्रारदाराला तीनदा फोन करा, उचलला नाही तर एक माणूस जागेवर पाठवा, मगच तक्रार बंद करा. मसुदा परत आला तेव्हा मधली ओळ गायब. मी विचारलं, तर तुम्ही खुर्चीत रेलून म्हणालात, ‘अहो, माणसं काय झाडाला लागतात? चालू तर करू, मग बघू.’

मी हसलो. चहा प्यायलो. सही केली.

काकांचे कान छापखान्यात गेले, यंत्राशेजारी तीस वर्षं उभं राहून. नंतर घरीच पुस्तकं बांधायचे. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण फुटलं. मला एक शब्द बोलले नाहीत. घरचा माणूस आत आहे म्हणून मागल्या दारानं जायचं, हे त्यांना जन्मात जमलं नाही. ‘छ्या! मग रांग कशाला असते?’

ते रांगेत उभे राहिले. अर्ज मी नंतर काढून पाहिला. समासात, मोत्यासारख्या अक्षरात: ‘मला ऐकू येत नाही. कृपया लेखी कळवावे.’ तुमच्या संगणकात समासाला रकाना नव्हता. रकानेही मीच आखलेले. फोन नंबर मात्र सक्तीचा.

तीन महिन्यांत तीन अर्ज. तिन्ही निकाली.

मग त्या मंगळवारी सकाळी नळाची मोठी लाइन फुटली आणि गल्ली गुडघाभर पाण्यात गेली. खड्डा काकांना ठाऊक होता, पण पाण्याखाली सगळा रस्ता सारखाच. ‘काका, डावीकडे नको! थांबा!’ समोरचा इस्त्रीवाला ओरडत धावला. थांबायला आधी ऐकू यावं लागतं. बगलेत शाळेची हजेरीपुस्तकं होती, नुकतीच बांधलेली. ती तरंगत राहिली. काका दोन गल्ल्या पुढे सापडले.

आठवड्यानं काकूनं त्यांचा फोन माझ्या हातात दिला.

‘अरे, हे बघ ना. कुणीतरी यांना नऊदा फोन केलाय. एवढी विचारपूस करणारा कोण रे हा? त्याला कळवायला हवं, हे गेले म्हणून.’

नंबर मला पाठ होता. तुमच्या तक्रार कक्षाचा. अकरा वाजून चार, अकरा पाच, अकरा सहा. तीन मिनिटांत तीन फोन, की तक्रार खलास. असं तीन वेळा.

मी काकूला सगळं सांगितलं. नियम कुणाचा, तेही. ती फोन पदरानं पुसत बसली. मग म्हणाली, ‘तुझे काका घरी येऊन सांगायचे, खिडकीवर आता गर्दी नसते. आपल्या पोरानं केलं ते.’

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काल तुमच्याकडे आलो. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, ‘वाईट झालं हो. पण नियम तुमचाच ना? आम्ही फक्त पाळला.’

‘या शहाण्णवांत काकांच्या तीन धरल्यात?’

‘धरणार नाही तर काय? निकालीच आहेत की त्या.’

म्हणून सही नाही. कागद कोराच परत पाठवतोय. सोबत माझा पहिला मसुदा, मधल्या ओळीसकट. दुसऱ्या मसुद्यावर मी मुकाट सही केली, हेही खाली लिहिलंय. त्याची एकेक प्रत बाराही गावांना गेली. संस्थेतून मला काढायचं तर खुशाल काढायला सांगा.

झाकण आजही बसलेलं नाही. इस्त्रीवाल्यानं त्या भोकावर एक मोडकी खुर्ची उलटी टाकलीय. तुमच्या अख्ख्या कार्यालयापेक्षा ती खुर्ची जास्त काम करते.

ती ओळ कुणी खोडली? खोडताना माणूस नाही म्हणून खोडली, की जागेवर गेलं तर खड्डा दिसेल म्हणून? नाव, हुद्दा आणि कारण हवंय. काकूलाही हवंय.

फोन करू नका. लेखी कळवा.